ऐकू येते, पण नेमके कळत नाही: डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला घरी आणि वर्गात कशी मदत करावी

हाक मारली की मूल वळून पाहते, कानाची तपासणीही 'नॉर्मल' येते. तरीसुद्धा श्रुतलेखनात 'घोडा'चा 'गोडा' आणि 'भात'चा 'बात' होतो, आणि 'दप्तर ठेव, हात धू नि आजीला जेवायला बोलाव' असे एका दमात सांगितले की तिसरे काम हमखास राहून जाते. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातली विशिष्ट अडचण, असलेल्या काही मुलांना आवाज ऐकू येऊनही शब्दांतले ध्वनी वेगवेगळे ओळखणे अवघड जाते. सगळ्यांनाच ही अडचण असते असे नाही, आणि डिस्लेक्सियाचे मूळ केवळ यातच आहे असेही नाही; म्हणून घाईने निष्कर्ष न काढता पुढच्या क्रमाने जावे.

सर्वप्रथम श्रुतलेखनाची वही घेऊन बसावे. मागच्या तीन-चार आठवड्यांतल्या चुकांचे दोन गट पाडावेत. 'थाट'ऐवजी 'ताट', 'पाठ'ऐवजी 'पाट', 'काळ'ऐवजी 'काल' या ध्वनी ओळखण्याशी संबंधित असू शकणाऱ्या चुका एका बाजूला लिहाव्यात. 'घ'च्या जागी 'ध' किंवा 'म'च्या जागी 'भ', म्हणजे अक्षराच्या आकारातून होणाऱ्या चुका दुसऱ्या बाजूला. तिसरा एक ढीग मात्र बाजूलाच ठेवावा. साताऱ्या-सांगलीकडच्या अनेक घरांत 'पानी', 'लोनी', 'साळा' असेच बोलले जाते, आणि जे मूल घरी ऐकते तेच वहीत उतरवते, त्याच्या कानात दोष नसतो. घरच्या बोलीला आजार समजण्याची चूक शिकलेल्या माणसांकडूनही होते. पहिला गट मोठा निघाला तरच ऐकण्याचा प्रश्न पुढे न्यावा.

त्यानंतर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान तपासून घ्यावेत, कारण सर्दीनंतर पडद्यामागे द्रव साचला असेल तर ऐकणे आज बरे, उद्या कमी असे होत राहते. अहवाल 'नॉर्मल' आला की पालक निश्चिंत होतात. परंतु ती तपासणी शांत खोलीत सूक्ष्म सूर ऐकू येतात का एवढेच सांगते, गोंगाटात शब्द कसे कळतात हे सांगत नाही. गोंगाटातल्या आकलनाची आणि दोन्ही कानांच्या एकत्रित कामाची तपासणी श्रवणतज्ज्ञ करतात, आणि ती मुलाच्या वयाच्या साधारण सात वर्षांनंतरच भरवशाची मानली जाते.

दरम्यान घरी एक साधी चाचणी घेता येते. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर कागद धरून २० जोड्या उच्चाराव्यात, त्यांपैकी १० 'दार-धार' अशा वेगळ्या आणि १० 'दार-दार' अशा सारख्या, आणि मुलाला फक्त 'सारखे' की 'वेगळे' एवढेच सांगू द्यावे. निव्वळ अंदाजानेही दहाच्या आसपास उत्तरे बरोबर येतात, म्हणून एकदा ११-१२ आली तर त्यावरून काहीच ठरवू नये. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, आधी शांततेत आणि मग पंखा व टीव्ही चालू ठेवून, हाच खेळ खेळावा. शांततेत जमणारे काम गोंगाटात वारंवार कोसळत असेल, तर ती नोंद जपून ठेवावी.

वर्गातली जागा बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो; त्यातच गळीत हंगामात रस्त्याकडेच्या शाळेसमोरून गाणी लावलेले उसाचे ट्रॅक्टर जात असतील, तर खिडकीजवळच्या मुलाला गुरुजींचे अर्धे वाक्यच मिळते. मुलाला पुढे, रस्त्याच्या विरुद्ध बाजूला बसवावे. सूचना एका वेळी एकच द्यावी आणि 'समजलं का?' असे न विचारता 'मी काय सांगितलं?' असे विचारावे.

सरावासाठी रोज दहा मिनिटे पुरतात. तळहात ओठांसमोर धरून 'ट' आणि 'ठ' म्हणायला लावावे. 'ठ'ला श्वासाचा झोत हाताला जाणवतो, आणि कानाला न पटलेला फरक त्वचेला पटतो. मग 'गाजर'मधला 'गा' काढला तर काय उरते असे विचारावे, आणि ते जमू लागले की 'कर', 'कार', 'कोर' यांत नेमके काय बदलले ते शोधू द्यावे. देवनागरीत स्वर अक्षराच्याच अंगावर बसतो, म्हणून ही शेवटची पायरी मराठी मुलांना जड जाते, तिथे रेंगाळावे. प्रत्येक ध्वनीबरोबर अक्षराची चिठ्ठी समोर हवीच. २००० साली वाचनशिक्षणावरचे संशोधन तपासणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेल या समितीनेही अक्षरांसह केलेला ध्वनींचा सराव अधिक परिणामकारक असल्याचे नोंदवले आहे. नुसते आवाज ऐकवून वाचन सुधारण्याची हमी देणाऱ्या महागड्या उपकरणांवर माझा विश्वास नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया यातच मोडतो) समावेश आहे, आणि राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षांत प्रमाणपत्राच्या आधारे वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांकडे आणि जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात लवकर चौकशी करावी. नववीपर्यंत थांबू नये. जाताना श्रुतलेखनाची वही, कानाच्या तपासणीचा अहवाल आणि घरच्या चाचणीच्या तारीखवार नोंदी सोबत न्याव्यात.