आवाज आरपार जाणारी प्रोजेक्टर स्क्रीन कशी निवडायची (घरच्या थिएटरसाठी)

सिनेमा थिएटरात मधला स्पीकर पडद्याच्या बरोब्बर मागे असतो आणि पडद्याला सगळीकडे बारीक भोकं असतात, म्हणून पडद्यावरचा माणूस बोलला की आवाज त्याच्या तोंडातूनच येतो. घरी आपण प्रोजेक्टर घेतो, भिंतीवर साधी पांढरी स्क्रीन टांगतो आणि सेंटर स्पीकर खाली युनिटवर आडवा ठेवून देतो. मग चेहरा वर आणि डायलॉग जमिनीलगत. कानाला सवय होते म्हणा, पण एकदा स्क्रीनच्या मागून येणारा डायलॉग ऐकला ना की ते खालून येणं फार खटकायला लागतं. त्यासाठी जी स्क्रीन लागते ती अकौस्टिकली ट्रान्सपरंट, डीलर लोक नुसतं एटी स्क्रीन म्हणतात. ही महाग वस्तू आहे आणि बहुतेक जण ब्रोशर बघून घेतात, जे करू नये असं मला मनापासून वाटतं, कारण इथे निर्णय तुमच्या खोलीवर आणि तुम्ही किती लांब बसता त्यावर ठरतो, ब्रँडवर नंतर.

उदाहरणाला फ्लॅटमधली 11 बाय 14 फुटांची बेडरूम धरू, आपल्याकडे बहुतेकांची थिएटर रूम एवढीच असते.

आधी मेजर टेप काढा

स्पीकर मागे जाणार म्हणजे स्क्रीन भिंतीपासून पुढे येणार, हे लोक विसरतात. साधा बुकशेल्फ स्पीकर 10-12 इंच खोल, त्याच्या मागे वायर आणि पोर्टला (बासची हवा बाहेर टाकणारं भोक) 3-4 इंच, पुढे कापडापर्यंत थोडी जागा, असं करत 18 ते 20 इंच गेलेच. 14 फुटांतून 20 इंच गेले की उरले 12 फूट 4 इंच. बसणाऱ्याचं डोकं मागच्या भिंतीला चिकटवायचं नाही, तिथे बास घुमतो, म्हणून मागे अडीच-तीन फूट सोडा, म्हणजे स्क्रीनपासून बसायचं अंतर आलं साधारण साडेनऊ फूट. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे.

आता हे अंतर इंचात घेऊन 1.2 ने भागा. 114 भागिले 1.2 म्हणजे 95, हे झालं स्क्रीनचं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप. टीएचएक्स या सिनेमाचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीचा जो 40 अंशांच्या कोनाचा हिशोब आहे तो हाच. म्हणजे या खोलीत 95 ते 100 इंच बरोबर बसेल, 120 इंचाचा मोह टाळा. जागा फारच कमी असेल तर ऑन-वॉल किंवा इन-वॉल स्पीकर बघा, ते 4-6 इंचांतच बसतात आणि जवळजवळ एक फूट वाचतो.

आणि एक, समोरचे लेफ्ट, सेंटर, राइट असे तिन्ही स्पीकर मागेच गेले पाहिजेत असं काही नाही. 100 इंचाची 16:9 स्क्रीन 87 इंच रुंद म्हणजे सव्वासात फूट. लेफ्ट-राइट दोन्ही तिच्या मागे टाकले तर एकमेकांपासून सहा फुटांवर येतात आणि साडेनऊ फुटांवरून तो कोन फार चिंचोळा होतो, दोन्ही बाजूंना 17-18 अंश. पाहिजे 22 ते 30. म्हणून या खोलीत मी लेफ्ट-राइट स्क्रीनच्या बाहेर, एकमेकांपासून नऊ फुटांवर लावीन, सेंटर तेवढा मागे, आणि तिन्ही एकाच मॉडेलचे, उभे, एकाच उंचीवर. हीच तर एटी स्क्रीनची खरी मजा आहे, सेंटरला आडवं झोपवावं लागत नाही. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरच्या सुरांचा छोटा भाग, जमिनीपासून 40 इंचांच्या आसपास ठेवा, सोफ्यावर बसल्यावर कान तिथेच येतात. स्क्रीनची खालची कड 26 इंचांवर असेल तर तो पॉइंट चित्राच्या खालच्या एक तृतीयांशाला येतो, चालतं.

विणलेलं कापड की भोकांचं व्हिनाइल

बाजारात दोनच जाती आहेत. एक विणलेलं कापड म्हणजे वीव्हन, आणि दुसरं व्हिनाइलला बारीक भोकं पाडलेलं, ते मायक्रोपर्फ. मोठ्या थिएटरच्या पडद्याची भोकं साधारण एक मिलिमीटर किंवा थोडी जास्त असतात, घरच्या मायक्रोपर्फची अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास.

व्हिनाइलचं चित्र छान असतं, गुळगुळीत, पांढरंशुभ्र, गेन (पडदा किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा) जास्त मिळतो. पण भोकांची एकूण जागा फार थोडी असते त्यामुळे वरच्या फ्रिक्वेन्सीचा बराच आवाज मागे आपटतो, स्पीकरच्या तोंडावर जातो आणि तिथून परत पुढे येतो. या दोन आवाजांच्या भेटीत काही फ्रिक्वेन्सी कापल्या जातात, त्याला कोम्ब फिल्टरिंग म्हणतात, आणि झांजा, टाळ्या, 'स' आणि 'श' चे उच्चार यात फरक जाणवतो. इलाज म्हणजे स्पीकर कापडापासून 6 ते 12 इंच मागे घ्या, किंचित तिरका करा म्हणजे परतलेला आवाज सरळ त्याच रस्त्याने येत नाही, आणि मागच्या भिंतीला शोषणारं काहीतरी लावा. एवढी जागा बेडरूममध्ये कुठून आणणार?

विणलेल्या कापडातून हवा सहज जाते, मागे आपटणं खूप कमी, चांगल्या कापडात वरच्या आवाजाचा साधारण 1-2 डेसिबलचा घाटा, तो एव्हीआरमध्ये (सगळे स्पीकर चालवणारा अँप्लिफायर) भरून निघतो, आणि स्पीकर 3-4 इंचांवर असला तरी चालतो. बदल्यात गेन कमी, बहुतेक 0.8 ते 1 च्या दरम्यान, आणि जवळ बसलं तर वीण दिसू शकते.

दिसण्याचं गणित खिडकीच्या मच्छरजाळीसारखं आहे, नाक लावलं की जाळीच दिसते, चार पावलं मागे गेलं की बाहेरचं झाड दिसतं. व्हिनाइलची भोकं पांढऱ्या सीनमध्ये, म्हणजे बर्फ, आकाश, क्रिकेटची पांढरी जर्सी वगैरे, 10-12 फुटांच्या आत दिसू शकतात. बारीक विणीचं कापड आठ-नऊ फुटांवर साफ दिसतं. आपला साडेनऊचा आकडा काढा आणि बघा, छोट्या खोलीत उत्तर जवळपास नेहमी विणलेलं कापडच येतं. व्हिनाइल मी फक्त मोठ्या, लांब, बंगल्यातल्या खोलीला सुचवीन.

मॉयरे तपासा

चित्राचे पिक्सेल म्हणजे चौकटींची जाळी, कापड म्हणजे दुसरी जाळी. दोन्हींची मापं जवळजवळ सारखी झाली की पडद्यावर लाटालाटांचे पट्टे उमटतात, त्याला मॉयरे म्हणतात. 100 इंचांवर एक 4के पिक्सेल 0.58 मिलिमीटरचा पडतो, फुल एचडीचा 1.15 मिलिमीटरचा. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची भोकं आणि 4के प्रोजेक्टर ही जोडी धोक्याच्या जवळ जाते, आधी चालू करून बघितल्याशिवाय घेऊ नका. कापडात वीण पिक्सेलच्या आकारापेक्षा खूप बारीक असेल तर प्रश्न मिटतो, नाहीतर कंपन्या कापड फ्रेमवर 10-15 अंश तिरकं ताणतात. दुकानदाराला सरळ विचारा, वीण सरळ लावलीय की तिरकी. त्याला सांगता आलं नाही तर त्याच्याकडून घेऊ नका.

ब्राइटनेसचा हिशोब

प्रोजेक्टरचे सिनेमा मोडमधले ल्युमेन्स (त्यातून निघणारा एकूण उजेड) गुणिले स्क्रीनचा गेन भागिले स्क्रीनचे स्क्वेअर फूट, उत्तर येतं फूट-लॅम्बर्टमध्ये, म्हणजे पडदा किती उजळ दिसतो त्या मापात. डिजिटल सिनेमाचा ठरलेला आकडा 14 आहे. 100 इंच स्क्रीन जवळपास 30 स्क्वेअर फूट, गेन 0.8, सिनेमा मोडला खरे 1200 ल्युमेन्स निघत असतील तर 32 येतात, म्हणजे अंधाऱ्या खोलीत भरपूर, एचडीआरलाही (ज्याला जास्त उजेड लागतो ते व्हिडिओ) जरा वाव. मात्र बॉक्सवरचा आकडा यात घालू नका, तो सगळ्यात भडक मोडचा असतो, आणि लॅम्प जुना झाला की उजेड आणखी उतरतो.

अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर असेल, म्हणजे स्क्रीनच्या खालीच ठेवायचा, तर एटीचा विचार सोडलेलाच बरा. त्याचा उजेड इतका तिरका येतो की विणीची प्रत्येक गाठ आणि कापडाची बारीकशी लाटही दिसते.

सॅम्पल मागवा, आणि असं तपासा

हे पाऊल चुकवू नका. ए-फोर कागदाएवढा तुकडा बहुतेक विक्रेते देतात, मागावा लागतो एवढंच.

आधी तुकडा तोंडासमोर धरून फुंकर मारा, दुसऱ्या बाजूला तळहात ठेवा. हवा अडखळत गेली तर आवाजही अडखळणार. मग ओळखीचं गाणं लावा, तबला-घुंगरू असलेलं असेल तर उत्तम, आणि कुणाला तरी तुकडा ट्वीटरसमोर धरायला-काढायला सांगा, तुम्ही आपल्या जागेवर डोळे मिटून बसा. मोजायचंच असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, एक यूएसबी माइक लागतो, कापडासकट आणि कापडाशिवाय अशा दोन रेषा काढा, फरक किती आणि कुठे ते समोर दिसतं. रेषा वरच्या टोकाला सावकाश उतरत असेल तर हरकत नाही, खड्डे-टेकड्या असतील तर ते कापड नको.

नंतर तुकडा साध्या पांढऱ्या कागदाशेजारी भिंतीवर चिकटवा, प्रोजेक्टरवरून पूर्ण पांढरा आणि पूर्ण राखाडी फोटो टाका आणि तुमच्या सीटवर बसून बघा. कापड पिवळं किंवा निळं मारतंय का, वीण दिसते का, पट्टे येतात का. शेवटी मागून मोबाइलचा टॉर्च लावा. किती उजेड पुढे येतो ते बघाल तर पुढचा मुद्दा लगेच पटेल.

मागची बाजू काळी करा

जेवढा टॉर्चचा उजेड पुढे आला तेवढाच प्रोजेक्टरचा उजेड मागे जातो, भिंतीवर आपटून परत पुढे येतो आणि चित्र धुरकट करतो. म्हणून मागची भिंत मॅट काळ्या रंगाने रंगवा, स्पीकरचे चकचकीत शंकू, चांदीची रिंग, सबवूफरचा एलईडी हे सगळं झाका. बऱ्याच स्क्रीनसोबत काळं बॅकिंग कापड येतं, ते लावाच, फक्त तेही फुंकरीच्या परीक्षेत पास झालेलं पाहिजे. सबवूफर मागे चालेल, बास कुठूनही जातो, पण पोर्टचं तोंड कापडाकडे नको, हवेच्या झोताने कापड हलतं आणि चित्रही हलतं.

फ्रेम, आणि लायक्राचा स्वस्त मार्ग

शक्य असेल तर फिक्स फ्रेमच घ्या. खोली रोजच्या झोपायचीही असेल तर टॅब-टेन्शन मोटराइज्ड, म्हणजे मोटरने गुंडाळली जाणारी आणि दोन्ही कडांना दोऱ्यांनी ताणलेली, घ्यावी लागेल, साधी खाली ओढायची स्क्रीन घेतलीत तर सीलिंग फॅनच्या वाऱ्याने ती हलत राहील. फ्रेम काढता येईल अशी असावी, वेल्क्रोवर किंवा हुकांवर, कारण स्पीकरची वायर सुटली की मागे हात घालता आलाच पाहिजे. कापडाला जोड चालणार नाही, तो दिसतोच.

बजेट कमी असेल तर पांढरं मॅट लायक्रा, चारी बाजूंनी ताणलं जाणारं, हा चांगला पर्याय आहे आणि जगभर हौशी लोक वापरतात. मुंबईत मंगलदास मार्केटसारख्या कापडबाजारात असलं कापड शोधा, 58-60 इंच पन्हा मिळाला तर 100 इंच स्क्रीनच्या 49 इंच उंचीला पुरतो. मागे काळं किंवा राखाडी लायक्रा, पुढे पांढरं, सुताराकडून वाळलेल्या सरळ लाकडाची फ्रेम, आणि स्टेपल मारताना मधून कोपऱ्याकडे जायचं, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने. जास्त ताणलं तर कापड पातळ होऊन उजेड आरपार जातो, सुरकुती जाईल एवढाच ताण द्या.

लावल्यावर

एव्हीआरचं ऑटो सेटअप, म्हणजे माइकने खोली मोजून आवाज जुळवणारी सोय, ऑडिसी कंपनीची असो की डिरॅकची, स्क्रीन बसवल्यानंतरच चालवा, आधीचं असेल तर पुसून पुन्हा. तरी डायलॉग बोथट वाटला तर आठ-दहा हजार हर्ट्झच्या वर एक-दोन डेसिबल वाढवा, त्याहून जास्त नको, ट्वीटरवर ताण येतो आणि कान दुखतात.

पावसाळ्यात, खास करून मुंबई-कोकणात, बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर आधी वॉटरप्रूफिंग करून घ्या, कारण मागची बंद पोकळी म्हणजे बुरशीला आयती जागा, वरखाली हवा जायला फट ठेवा. पाली-झुरळांसाठी महिन्यातून एकदा मागे टॉर्च मारून बघा. धूळ फक्त मऊ कोरड्या ब्रशने, विणलेल्या कापडाला ओलं फडकं अजिबात लावायचं नाही, डाग पसरतो आणि वीण सरकते. लायक्रा काही महिन्यांनी सैल पडलं तर पुन्हा ताणून घ्या आणि त्यानंतर ऑटो सेटअप परत एकदा चालवा.