हॉट टबला ओझोन बसवायचा तर नळीकडे लक्ष द्या

'ओझोन बसवून द्या, म्हणजे क्लोरीन बंद करता येईल.' ओझोनेटर, म्हणजे ओझोन वायू तयार करून टबाच्या पाण्यात सोडणारं मशीन, बसवून घेणाऱ्यांकडून हे मला इतक्यांदा ऐकायला मिळतं की टबाचं झाकण उघडायच्या आधीच मी सांगून टाकतो, बंद होणार नाही. गरम पाण्यात ओझोन मुळात कमी विरघळतो आणि जो विरघळतो तोही झटपट संपतो. पाइपमधून जाताना जेवढं पाणी त्याच्या तावडीत सापडतं तेवढ्यावर त्याचं काम होतं. तुम्ही बसता त्या जागी पहारा क्लोरीन किंवा ब्रोमीनचाच हवा. क्लोरीन किमान 3 पीपीएम (दहा लाख भागांत 3 भाग), ब्रोमीन असेल तर किमान 4, आणि पीएच 7.0 ते 7.8. ओझोन बसवल्यावरही हे आकडे तेच राहतात.

मग बसवायचा कशाला? घाम, अंगाचं तेल, क्रीम, साबणाचा अंश यांचा फडशा ओझोन चांगला पाडतो. ते काम क्लोरीनवर पडत नाही, पाणी निवळ राहतं आणि डोळ्यांना झोंबणारा तो उग्र वासही कमी होतो. टबात रोज माणसं बसत असतील तर औषध कमी लागल्याचं लगेच कळतं. टब आठवडेच्या आठवडे झाकूनच राहत असेल तर मात्र ओझोनला खायला दुसरं काही मिळत नाही आणि तो क्लोरीनच थोडं थोडं संपवतो. अशांना मी बसवू नका म्हणून सांगतो. ब्रोमीनवाल्यांची गोष्ट वेगळी. पाण्यात ब्रोमाइड असेल तर ओझोन त्यापासून पुन्हा ब्रोमीन तयार करतो, त्यामुळे त्यांची जोडी छान जमते.

ओझोनेटर दोन प्रकारचे मिळतात. एकात यूव्हीचा दिवा असतो, 185 नॅनोमीटरचा. त्याची कटकट कमी, पण ओझोनही कमी. दिवा म्हातारा झाला तरी पेटलेला दिसतो, म्हणून मालकाला वाटतं सगळं ठीक चाललंय. दुसरा कोरोना डिस्चार्जचा, ज्याला आम्ही नुसतं 'सीडी' म्हणतो. छोट्या डब्यातून ओझोन जास्त येतो, पण दमट हवा त्याला सोसत नाही. हवेतल्या नायट्रोजनपासून आणि ओलाव्यापासून आत नायट्रिक ॲसिड धरतं आणि ओझोन तयार करणारी आतली पट्टी खराब होते. तरीही घरगुती टबासाठी मी सीडीच सुचवतो, फक्त पट्टी काही वर्षांनी बदलावी लागणार हे धरून चालायचं. घेण्याआधी टबाच्या कंट्रोल बोर्डावरचं ओझोनचं व्होल्टेज आणि प्लगचा आकार बघून ठेवा. बोर्ड एका व्होल्टेजचा आणि मशीन दुसऱ्या, हा घोटाळा नेहमीचा आहे.

आता टबाचा बाजूचा पत्रा काढा. त्याआधी मेन एमसीबी (मुख्य स्विच) पाडा आणि बोर्डावर मल्टिमीटर लावून वीज खरंच गेली आहे याची खात्री करा. टब आरसीसीबीवर, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर, नसेल तर आधी ते करून घ्या, ओझोन नंतर. मल्टिमीटर हाताळायची सवय नसेल तर वायरिंगचा भाग इलेक्ट्रिशियनकडे द्या, बाकीचं तुम्हाला जमेल.

आत बघा. बऱ्याच टबांत कंपनीनेच सोय करून ठेवलेली असते. पाइपावर नळी अडकवायचं बारीक खाचांचं तोंड, म्हणजे निपल, त्यावर बूच किंवा बांधून टाकलेली नळी, आणि बोर्डावर 'ओझोन' लिहिलेला रिकामा सॉकेट. हे सापडलं तर निम्मं काम झालंच. नसेल तर व्हेंचुरी बसवावी लागेल.

व्हेंचुरी म्हणजे मधे गळा आवळलेला पाइपचा तुकडा. पाणी त्या अरुंद जागेतून जोरात जातं, तिथला दाब पडतो आणि बाजूच्या निपलमधून हवा आत ओढली जाते. ही सर्क्युलेशन पंपाच्या लाइनवर, फिल्टर आणि हीटरच्या पुढे, पाणी टबात परत जाण्याच्या वाटेवर बसवायची. पंप-हीटरच्या आधी बसवली तर ताजा ओझोन पंपाच्या सीलवर आणि हीटरवर जातो, आणि दोन्हीचं आयुष्य घटतं. व्हॉल्व्ह बंद करा, नसतील तर टब रिकामा करा. पाइप कापा, बाण प्रवाहाच्या दिशेने ठेवा. पीव्हीसी असेल तर प्रायमर आणि सोल्युशन, मऊ पाइप असेल तर क्लॅम्प. सोल्युशनला डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्या.

मशीन जोडायच्या आधी वीज चालू करा, पंप सुरू करा आणि निपलवर बोट ठेवा. बोटाची त्वचा आत ओढली गेली पाहिजे. ओढ नसेल, किंवा बोटाला पाणी लागलं, तर तिथेच थांबा. फिल्टर तुंबलेला असेल, बाण उलटा असेल किंवा पंपाचा जोर अपुरा असेल. हे न बघता पुढे गेलात तर मशीन कितीही भारी असलं तरी पाण्यात काही उतरणार नाही. खात्री झाली की वीज पुन्हा बंद.

आता नळी. बिघडलेले ओझोनेटर उघडले की आत बहुतेक वेळा पाणी सापडतं, आणि ते याच नळीतून आलेलं असतं. मशीन शक्यतो टबातल्या पाण्याच्या पातळीच्या वर लावा, निपल खाली तोंड करून. जागा नसेल तर नळी आधी पाण्याच्या पातळीच्या वर न्या, तिथे क्लिप मारून वळसा द्या आणि मग खाली व्हेंचुरीकडे आणा. व्हेंचुरीच्या जवळ ओझोनला टिकणारा चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. त्यात तोंडाने फुंकून बघा, पाण्याकडे हवा जायला हवी, उलटी अजिबात नाही. नळी सिलिकॉनची किंवा टेफ्लॉनची घ्या. साधं रबर ओझोनने तडकतं आणि माशांच्या टाकीची स्वस्त पारदर्शक नळी कडक होऊन सुटते.

प्लग लावा, पत्रा बंद करायच्या आधी वीज देऊन सगळे सांधे चाचपा. जेटमधून धुरासारखे बारीक बुडबुडे यायला लागतील. पण व्हेंचुरी मशीन मेलेलं असतानाही हवा ओढत राहतेच. त्यामुळे बुडबुड्यांवरून कळतं ते फक्त नळी मोकळी आहे एवढंच. ओझोन येतोय की नाही ते वासावरून. झाकण थोडं उचललं की वीज कडाडल्यानंतर येतो तसा हलका वास आला पाहिजे, बस.

वास भपकन आला तर मात्र ते चांगलं लक्षण समजू नका. कामाच्या जागेच्या हवेत ओझोनची मर्यादा 0.1 पीपीएम मानतात आणि नाकाला तो त्याहून कमी असतानाच कळतो. पण नाक सरावतंही लवकर. ओझोन हवेपेक्षा जड, त्यामुळे झाकणाखाली पाण्यालगत साचून राहतो. टबातल्या डोकं टेकायच्या उशा आणि झाकणाची खालची बाजू त्यानेच चुरचुरीत होते. ओझोन फिल्टरच्या वेळेतच चालू राहील आणि जेटचं बटण दाबलं की बंद होईल असं सेटिंग ठेवा. झाकण उघडल्यावर जरा थांबून मगच पाण्यात उतरा. टब बंद खोलीत असेल तर एक्झॉस्ट फॅन हवाच.

पुढे कधी बुडबुडे थांबले तर लगेच नवीन मशीन आणू नका. आधी फिल्टर धुवा. मग चेक व्हॉल्व्ह काढून फुंका. तो तसाही दरवर्षी बदललेला बरा. तरीही नाही, तर व्हेंचुरीत क्षार धरले असतील. ओझोनेटरची वीज बंद करा, नळी मशीनकडून सोडवून तिचं टोक वाटीभर व्हिनेगरमध्ये धरा आणि पंप चालू करा. थोडी जरी ओढ उरली असेल तरी व्हिनेगर आत जाईल आणि पांढरा थर सुटेल. अजिबातच ओढ नसेल तर व्हेंचुरी उतरवून व्हिनेगरमध्ये भिजत घाला. नंतर पीएच तपासायला विसरू नका.