डिस्चार्जची संध्याकाळ आणि गोळ्यांचा हिशेब

पेशंट घरी आला की घरात काय होतं ते मी ३४ वर्षं वॉर्डातल्या सिस्टरच्या जागेवरून ऐकत होते. आता निवृत्त झाल्यावर कोथरूडमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे बसून डोळ्यांनी बघते. मऊ भात टाकला जातो, गादीवर धुतलेली चादर पडते, नातेवाइकांचे फोन सुरू होतात. औषधांची पिशवी मात्र फ्रिजवर जाऊन पडते आणि रात्री नऊ वाजता कुणीतरी विचारतं, "रात्रीची गोळी यातली कोणती गं?"

त्या प्रश्नापर्यंत थांबू नका. घरातली पहिली गोळी पोटात जायच्या आधी जुनी आणि नवी औषधं शेजारी शेजारी मांडून बघा. तासभर लागतो. तो तास कसा घालवायचा, तेवढंच इथे सांगते.

आधी आमच्या घरात काय झालं ते सांगते. माझे थोरले दीर, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, वय ७४. न्यूमोनिया होऊन आठ दिवस अ‍ॅडमिट होते. बीपीच्या दोन गोळ्या त्यांना आधीपासून होत्या, टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५. डिस्चार्ज कार्डावर एकच नवी गोळी आली, पण त्या एका गोळीत ही दोन्ही औषधं होती. नाव वेगळं, पाकीट वेगळं, रंग वेगळा. जाऊबाईंनी जुन्याही चालू ठेवल्या आणि नवीही. चौथ्या दिवशी पहाटे दादा बाथरूमच्या दारात पडले. कपाळाला पाच टाके पडले, बीपी ९० वर ५०. कार्डावर लिहिलेलं चूक नव्हतं. जुन्या बंद करा, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि मी दोन गल्ल्या पलीकडे राहून, रोज संध्याकाळी त्यांना भेटून, एकदाही ती पिशवी उघडून पाहिली नव्हती. ते मला आजही लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी इजा कमी करण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा तीन धोक्याच्या जागांवर बोट ठेवलं होतं. अतिजोखमीची औषधं आणि परिस्थिती, एकाच माणसाला चालू असलेली खूप औषधं, आणि पेशंट एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो ती वेळ. डिस्चार्जच्या दिवशी या तिन्ही एकाच घरात येतात.

कामाला सुरुवात हॉस्पिटलमध्येच करा. बिल आणि इन्शुरन्सची फाइल यांत चार-पाच तास सहज जातात. तेवढ्या वेळात सिस्टरला किंवा ड्युटीवरच्या डॉक्टरांना गाठा. घरी चालू असलेल्या औषधांची यादी त्यांच्यापुढे ठेवा आणि प्रत्येक औषधापुढे त्यांच्याकडूनच लिहून घ्या: चालू, बंद, की डोस बदलला. तोंडी सांगितलेलं घरी पोहोचेपर्यंत अर्धं विसरतं. आणखी एक विचारा, हे सहसा कुणी विचारत नाही: आज वॉर्डात कोणकोणती औषधं देऊन झाली आणि किती वाजता? सकाळची गोळी वॉर्डात दिलेली असते, दुपारी घरी पोहोचल्यावर "राहिली वाटतं" म्हणून पुन्हा दिली जाते. साखरेच्या आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्यांच्या बाबतीत हे महागात पडतं.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरा आणि घरातलं औषध म्हणावं असं सगळं त्यावर आणा. सगळं म्हणजे फ्रिजच्या दारातलं, उशाखालचं, पर्समधलं, डोळ्यांचे थेंब, गुडघ्याचं मलम, काढा, अश्वगंधाची पावडर, नातवाने आणून दिलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या. काढा आणि पावडरी लोक औषधात धरत नाहीत, म्हणून डॉक्टरांना सांगतही नाहीत. पण अश्वगंधा थायरॉइडच्या औषधाच्या आड येऊ शकते. हळदीच्या कॅप्सूल रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर घेतल्या तर रक्तस्रावाची भीती वाढते. भाजीतल्या हळदीने काही होत नाही, मी कॅप्सूलबद्दल बोलते आहे. तेव्हा तेही यादीत घ्या.

आता प्रत्येक स्ट्रिप हातात घेऊन वाचा. कंपनीने ठेवलेलं ब्रँडचं नाव सोडून द्या. त्याच्याजवळ औषधाचं खरं नाव असतं आणि पुढे मिलिग्रॅम. यादीत ते नाव लिहायचं. एका गोळीत दोन किंवा तीन औषधं असतील तर सगळी लिहा. चष्म्यानेही दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. १ ऑगस्ट २०२३ पासून बाजारातल्या ३०० जास्त खपाच्या ब्रँडवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की औषधाचं मूळ नाव, कंपनी, बॅच आणि एक्सपायरी दिसते.

कापलेल्या स्ट्रिपचं काय करायचं? आपल्याकडे केमिस्ट सहा गोळ्या मागितल्या तर सहा कापून देतो, आणि नाव-तारीख नेमकी त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते. त्याला विनंती करा, तारखेकडचा भाग द्या म्हणावं, किंवा काउंटरवरच अख्ख्या स्ट्रिपचा फोटो घ्या. घरी गोळ्या काढताना तारखेच्या विरुद्ध टोकाकडून काढत या. हल्ली औषधं अ‍ॅपवरून दहा-पंधरा मिनिटांत दारात येतात आणि कधी कधी मागवलेल्या कंपनीऐवजी दुसऱ्याच कंपनीची येतात. औषध तेच असेल तर घाबरायचं कारण नाही, पण जुनी संपेपर्यंत दोन्ही गोळ्यांच्या डब्यात एकत्र जाता कामा नयेत.

नावं लिहून झाली की एकच नाव दोनदा आलं आहे का ते बघा. ते हमखास सापडतं. हृदयाच्या पेशंटकडे अ‍ॅस्पिरिनची वेगळी गोळी असते आणि कोलेस्टेरॉलच्या कॅप्सूलमध्येही अ‍ॅस्पिरिन असतं. साखरेचं मेटफॉर्मिन एकटं असतं आणि ग्लिमेपिराइड या साखरेच्याच दुसऱ्या औषधाबरोबर एका गोळीतही असतं. पॅरासिटामॉल तर तापाच्या गोळीत, सर्दीच्या गोळीत आणि अंगदुखीच्या गोळीत, तिन्हीकडे. दुहेरी सापडलं की लगेच हॉस्पिटलला फोन करा आणि नेमकं विचारा: "या दोन्हींत टेल्मिसार्टन आहे, कोणती द्यायची?" असं विचारलं की उत्तरही नेमकं मिळतं. मनाने मात्र काहीही बंद करू नका. स्टेंट घातलेल्या माणसाची रक्त पातळ होण्याची गोळी, फिट्सची गोळी आणि बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड ही तर कधीच नाहीत. बंद करायला सांगितलेल्या स्ट्रिप एका वेगळ्या पिशवीत घालून वर "बंद" आणि तारीख लिहा. त्या पुढच्या तपासणीला बरोबर न्या.

कार्डावरची अक्षरं थोडक्यात: ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे लागली तरच. १-०-१ म्हणजे सकाळी आणि रात्री.

आठवड्यातून एकदाच्या औषधांशी जरा थांबते. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट देतात, ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं गेलं तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी घटतात आणि जीवही जातो. घरात ही गोळी असेल तर डॉक्टरांनी दिलेला वार स्ट्रिपवर मार्करने लिहा, "मंगळवार" असा अख्खा शब्द, आणि ती रोजच्या डब्यात ठेवूच नका. वजन आणि साखरेसाठी सेमाग्लूटाइड, टिर्झेपाटाइड ही इंजेक्शनं अलीकडे आमच्या सोसायटीतही दिसायला लागली आहेत, तीही आठवड्यातून एकदाच घ्यायची. इंजेक्शनचं पेन फ्रिजच्या आतल्या फळीवर ठेवा, फ्रीजरला चिकटून नको. एकदा गोठलं की टाकून द्यायचं. सुई बदलली तरी एकाचं पेन दुसऱ्याने वापरायचं नाही. आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना हे औषध आपणहून सांगा, कारण त्याने पोट उशिरा रिकामं होतं.

इन्सुलिनची खबरदारी तर कागदावर लिहून भिंतीला लावावी. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि पेनच्या कार्ट्रिजमधलं, म्हणजे पेनात बसणाऱ्या छोट्या नळीतलं, १०० युनिटचं. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी असते, केशरी टोपणाची १०० साठी. पेन बिघडलं म्हणून कुणी कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने "दहा" ओढले, तर अंगात दहाच्या जागी २५ युनिट जातात. एवढ्याने साखर उतरून माणूस बेशुद्ध होतो. कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन काढायचंच नाही, बिघडलेल्या पेनच्या जागी दुसरं पेन आणायचं.

यादी पक्की झाली की तिच्या तीन प्रती करा. एक फ्रिजच्या दारावर, एक पेशंटच्या पाकिटात, एक परगावच्या मुलामुलींच्या मोबाइलवर. आठवड्याचे २८ खण असलेला डबा घ्या. मी जाऊबाईंसाठी तुळशीबागेतून आणला. तो रविवारी सकाळी एकाच माणसाने भरायचा, भरताना टीव्ही बंद, आणि दुसऱ्याने यादी हातात घेऊन तपासायचा. काही गोळ्या ओल लागली की खराब होतात, त्या मूळ पाकिटातच राहू द्या. नवं औषध सुरू झाल्यावर अंगावर पुरळ, चक्कर, काळी शी असं काही दिसलं तर आधी डॉक्टर. त्यानंतर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर तुम्ही स्वतःही कळवू शकता.

राहिल्या सुया. आमच्या इमारतीत कचरा न्यायला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई येतात. गेल्या वर्षी त्यांतल्या एकीच्या बोटात कुणाच्या तरी घरची इन्सुलिनची सुई घुसली. जिन्यातच मी तिचा हात वाहत्या पाण्याखाली साबणाने धुतला आणि तिला रिक्षात घालून तपासणीला नेलं. रिपोर्टसाठी काही महिने तिच्या जिवाला घोर होता. सुई वापरली की टोपण परत बसवत बसू नका, थेट जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाका. फिनेलची रिकामी बाटली चालते, पाण्याची पातळ बाटली नाही. तीन चतुर्थांश भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी मारा, वर लाल पेनने "सुया" लिहा, आणि कचऱ्याच्या डब्यात न टाकता ताईंच्या हातात सांगून द्या.