प्रायमरीत ‘आघाडीवर’ नेमकं कोण? अमेरिकी बातम्या वाचताना या चुका टाळा

२०२८च्या अमेरिकी अध्यक्षीय उमेदवारीच्या चाचण्या आत्तापासूनच यायला लागल्या आहेत. पुढचा क्रमही ठरलेला असतो. एखाद्या नावाला ‘आघाडीवर’ हे विशेषण चिकटतं, मग दर पंधरवड्याला त्याची आघाडी ‘कायम’ राहते किंवा त्याला ‘जबर धक्का’ बसतो. मराठी पोर्टलं तोच मथळा वृत्तसंस्थेकडून उचलतात आणि न्यू जर्सीतल्या भाच्याचा फॉरवर्ड येतो तो तिसऱ्याच आकड्याचा. यातली कुठलीच बातमी खोटी असेल असं नाही. मोजलेलं एक असतं आणि मथळ्यात दुसरंच आलेलं असतं, एवढंच. ही गफलत नेमकी कुठे होते, ते पाहू.

देशभराच्या चाचणीला गुणफलक समजणं

अमेरिकेत प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान, सगळ्या देशात एका दिवशी होत नाही. ती राज्याराज्यांतून जवळपास पाच महिने चालते आणि आधीच्या राज्याचा निकाल पुढच्या राज्यातल्या मतदारावर परिणाम करतो. म्हणजे देशव्यापी चाचणी विचारते ती अशा मतदानाबद्दल, जे त्या स्वरूपात कधी होणारच नाही. वर्षभर आधी तर ती मुख्यतः नाव किती जणांच्या कानावरून गेलंय, एवढंच मोजते.

२००७ सालचा बराच काळ रिपब्लिकन चाचण्यांत न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी पहिले होते. सुरुवातीच्या राज्यांत ताकद न लावता त्यांनी फ्लोरिडावर भिस्त ठेवली. २९ जानेवारी २००८ला तिथे ते तिसरे आले आणि दुसऱ्या दिवशी शर्यतीतून बाहेर पडले. त्याच हंगामात डेमोक्रॅटिक बाजूला हिलरी क्लिंटन देशभर पुढे होत्या, पण सगळ्यात आधी मतदान झालेल्या आयोवात ओबामा आणि एडवर्ड्स यांच्या मागे राहिल्या. त्याआधीच्या वेळी हॉवर्ड डीन यांना डिसेंबर २००३मध्ये माजी उपाध्यक्ष अल गोर यांचा पाठिंबा मिळाला, तेव्हा उमेदवारी त्यांच्या खिशात असल्यासारखं लिहिलं गेलं. जानेवारीत आयोवात त्यांना १८ टक्के मिळाले.

म्हणून देशव्यापी चाचण्या फेकून द्या, असं मात्र नाही. ही उलटी चूक २०१५मध्ये भल्याभल्यांनी केली. ट्रम्प जुलैपासून जवळजवळ सलग पहिले होते आणि जाणकार ‘ही हवा टिकणार नाही’ म्हणत राहिले.

मग बघायचं काय? पहिल्या क्रमांकापेक्षा त्या क्रमांकावरचा टक्का बघा. २०-२२ टक्क्यांवर पहिला असलेला आणि ५० टक्क्यांवर पहिला असलेला, दोघांनाही बातमी ‘आघाडीवर’च म्हणते. जानेवारी २०२४मध्ये आयोवात ट्रम्प ५१ टक्के घेऊन जिंकले, दुसरे डीसँटिस २१वर होते. ती आघाडी वेगळ्याच जातीची. शिवाय ‘मत पक्कं झालंय का’ आणि ‘दुसरी पसंती कोण’ हे दोन प्रश्न चाचणीत विचारले असतील, तर त्यांची उत्तरं मुख्य आकड्याइतकीच काळजीपूर्वक वाचा.

एका चाचणीवरून ‘धक्का’ जाहीर करणं

ऑगस्ट २०१९च्या अखेरीस मॉन्मथ विद्यापीठाची चाचणी आली: सँडर्स २०, वॉरन २०, बायडन १९. त्याच संस्थेच्या जूनमधल्या चाचणीत बायडन ३२ टक्क्यांवर होते. दोन महिन्यांत तेरा टक्के गेले म्हटल्यावर मथळे काय आले असतील, ते सांगायला नको. आता तळटीप पाहा. नमुन्यात डेमोक्रॅटिक बाजूचे मतदार होते २९८. त्रुटीची मर्यादा अधिक-उणे ५.७ टक्के, म्हणजे खरा आकडा इतका वर किंवा खाली असू शकतो. त्याच आठवड्यातल्या इतर चाचण्यांत बायडन तिशीच्या आसपास आणि स्पष्ट पुढे होते. दोन-तीन दिवसांत मॉन्मथचे प्रमुख पॅट्रिक मरी यांनी स्वतःच आपली चाचणी ओळीत न बसणारी असल्याचं मान्य केलं. चाचणी घेणाऱ्यात असा उमदेपणा क्वचित दिसतो. पण मथळा दोन दिवस फिरून झाला होता.

असं का होतं, याचं गणित चौथी-पाचवीतल्या मुलाच्या कॅल्क्युलेटरवर होतं. नमुन्याच्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि ९८ला त्याने भागा. येणारी संख्या म्हणजे टक्क्यांतली त्रुटीची कमाल मर्यादा. १००० लोकांना ३.१, ४०० लोकांना ४.९, २९८ लोकांना ५.७. बातमीत बहुधा ‘एक हजार जणांची चाचणी’ असं येतं, पण प्रायमरीचा प्रश्न त्यातल्या एकाच पक्षाच्या तीन-चारशे जणांना विचारलेला असतो. त्रुटी त्या तीन-चारशेंवर काढायची, हजारावर नाही.

त्यातही ही मर्यादा एकेका उमेदवाराच्या टक्क्यासाठी असते. दोघांमधल्या फरकाला ती पुरत नाही, कारण एकाचं मत वाढतं तेव्हा ते बऱ्याचदा दुसऱ्याचंच कमी झालेलं असतं. ४०० जणांच्या नमुन्यात एक उमेदवार २५वर आणि दुसरा २०वर असेल, तर पाच टक्क्यांच्या आघाडीची त्रुटी साधारण ६.६ टक्के निघते. म्हणजे प्रत्यक्षात ते बरोबरीत असू शकतात, मागचा पुढेही असू शकतो. म्हणून एकाच संस्थेच्या, त्याच पद्धतीने घेतलेल्या किमान तीन चाचण्या ओळीने लावल्याशिवाय ‘घसरण’ हा शब्द वापरू नये, असं आमचं मत आहे. आणि तारीख बघा ती प्रसिद्धीची नव्हे, फोन केल्याची. वादचर्चेच्या आधी केलेले फोन वादचर्चेनंतर छापून येतात आणि ‘वादानंतर फटका’ म्हणून खपतात.

अपेक्षेशी केलेली तुलना निकाल म्हणून वाचणं

हा सगळ्यात जुना रोग. १२ मार्च १९६८ला न्यू हॅम्पशायर या सुरुवातीच्या राज्यात अध्यक्ष जॉन्सन यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं. लोकांनी ते हाताने लिहून त्यांना ४९ टक्क्यांहून जास्त मतं दिली. पक्षातलेच प्रतिस्पर्धी मॅकार्थी यांना ४२. बातमी झाली ती जॉन्सन यांच्या मानहानीची, आणि ३१ मार्चला ते शर्यतीतून बाजूला झाले. १९७२मध्ये तिथेच एडमंड मस्की ४६ विरुद्ध ३७ असे जिंकले, पण शेजारच्या मेन राज्याच्या या सिनेटरला निम्मी मतं मिळायलाच हवी होती असं आधीच ठरलं होतं, त्यामुळे विजयाचा पराभव झाला. १९९२मध्ये बिल क्लिंटन तिथेच २५ टक्क्यांवर, पहिल्या आलेल्या साँगस यांच्या आठ टक्के मागे होते. पण त्या रात्री त्यांनीच पुनरागमनाची घोषणा केली आणि ती चालली. २०१६ला आयोवात रुबिओ तिसरे आले, तरी जिंकल्यासारखी बातमी झाली.

अपेक्षा ठरवतं कोण? थोड्या आधीच्या चाचण्या, थोडे पत्रकार आणि उरलेलं उमेदवारांचे स्वतःचे लोक. मतदानाच्या आदल्या आठवड्यात ‘आम्ही तिसरे आलो तरी खूप’ म्हणणारा प्रचारप्रमुख नम्र नसतो, तो पट्टी खाली आणत असतो. उपाय साधा आहे. बातमीतून ‘अनपेक्षित’, ‘निराशाजनक’, ‘दमदार’ हे शब्द खोडा आणि उरलेल्या मजकुरातून तीन गोष्टी कागदावर काढा: मतांचा टक्का, मिळालेले डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी), पुढची तीन राज्यं. तिसरी ओळ रिकामी राहिली, तर बातमी अर्धवट आहे.

मात्र ही अपेक्षेची गोष्ट निव्वळ धूळफेक म्हणून उडवून लावू नका. देणगीदार तीच वाचतात, त्यामुळे तिचे परिणाम खरे असतात.

राज्यं मोजणं, डेलिगेट न मोजणं

८ मार्च २०१६. मिशिगनमध्ये चाचण्या हिलरी क्लिंटन यांना वीसेक टक्क्यांची आघाडी देत होत्या आणि बर्नी सँडर्स दीड टक्क्याने जिंकले. बातमी मोठी होतीच. पण त्याच दिवशी मिसिसिपीत क्लिंटन यांना ८० टक्क्यांहून जास्त मतं पडली. रात्रीचा हिशेब केला तर डेलिगेटांत त्यांचीच आघाडी वाढली होती, ‘धक्का’ बसलेल्या रात्री.

२००८मध्ये हेच त्यांच्या विरुद्ध झालं होतं. न्यू जर्सीसारखं मोठं राज्य जिंकून क्लिंटन यांना ५९ विरुद्ध ४८, म्हणजे ११ डेलिगेटांची बढत मिळाली. ओबामांनी छोट्याशा आयडाहोत कॉकस (मतदारांच्या सभांतून होणारी निवड) जिंकून १५ विरुद्ध ३, म्हणजे १२ची बढत घेतली. टीव्हीवरच्या नकाशावर न्यू जर्सीच ठळक दिसत होतं.

डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटतात, पण १५ टक्क्यांची अट आहे. ती राज्यभरासाठी वेगळी आणि काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रत्येक मतदारसंघासाठी वेगळी लागते. समजा, २० डेलिगेट आहेत आणि मतं पडली ३४, २२, १४, १३, १० आणि ७ टक्के. पहिले दोघेच पात्र ठरतात. त्यांच्या ५६ टक्क्यांत वाटणी होते: १२ आणि ८. पहिल्याला मतं ३४ टक्के, डेलिगेट ६० टक्के. १४ टक्केवाल्याला शून्य. त्यामुळे गर्दीच्या रिंगणात ‘फक्त ३४ टक्के मिळाले’ हे वाक्य फसवं असतं.

रिपब्लिकन पक्षात राज्यागणिक नियम बदलतो. मार्चच्या मध्यापर्यंत बहुतेक राज्यांना काही ना काही प्रमाण ठेवावं लागतं, त्यानंतर सगळे डेलिगेट एकालाच द्यायची मुभा असते. सुरुवातीच्या राज्यांना वेगळी सूट आहे. दक्षिण कॅरोलायनात २०१६ला ट्रम्प साडेबत्तीस टक्के मतांवर सगळेच्या सगळे ५० डेलिगेट घेऊन गेले. ‘दोन तृतीयांश लोक विरोधात’ असे लेख त्यानंतरही येत राहिले. पण विरोध तीन-चार जणांत वाटलेला होता.

मतमोजणीच्या रात्री घाई

३ जानेवारी २०१२च्या रात्री आयोवात रॉम्नी ८ मतांनी जिंकल्याचं जाहीर झालं. दोन आठवड्यांनी पडताळलेल्या मोजणीत सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. तोवर न्यू हॅम्पशायर होऊन गेलं होतं आणि ‘दोन्ही राज्यं जिंकणारे रॉम्नी’ ही कथा रुळली होती. २०२०ला त्याच राज्यात निकाल कळवायचं ॲपच बिघडलं. कॅलिफोर्नियात पोस्टाच्या मतपत्रिका कित्येक दिवस मोजल्या जातात. म्हणून टक्क्याशेजारचं ‘अंदाजे किती मोजणी झाली’ हे पाहा, आणि उरलेली मतं शहरातली की ग्रामीण, पोस्टाची की केंद्रावरची, ते शोधा.

‘संपला’ म्हणणं

बायडन २०२०ला आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये ८ टक्क्यांवर पाचवे आले. मृत्युलेख तयार होते. पण ही दोन्ही राज्यं बहुतांश गोऱ्या मतदारांची आहेत, आणि दक्षिण कॅरोलायनात डेमोक्रॅटिक प्रायमरीतले निम्म्याहून जास्त मतदार कृष्णवर्णीय असतात. २६ फेब्रुवारीला तिथले वजनदार कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी पाठिंबा दिला, २९ला बायडन ४८ टक्क्यांहून जास्त मतांनी जिंकले, दोन दिवसांत प्रतिस्पर्धी बुटिजेज आणि क्लोबुचर यांनी माघार घेतली, आणि ३ मार्चला मतदान झालेल्या १४पैकी १० राज्यं बायडन यांच्याकडे आली. ‘चमत्कार’ वगैरे म्हटलं गेलं. वेळापत्रक आणि मतदारांची घडण शेजारी ठेवून पाहणाऱ्याला हा रस्ता जानेवारीतही दिसत होता. पुढे दिसत नव्हती ती फक्त माघारीची घाई.

खालच्या निवडणुकांना तीच फूटपट्टी लावणं

मराठी वाचकांना हे २०१८मध्ये जवळून दिसलं. बेळगावचे श्री ठाणेदार मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले. स्वतःच्या पैशातून टीव्हीवर जाहिरातींचा मारा केला आणि वसंत ऋतूतल्या काही चाचण्यांत ते ग्रेचन व्हिटमर यांच्या पुढे किंवा बरोबरीत दिसले. आपल्याकडे ‘मराठी माणूस आघाडीवर’ म्हणून कौतुक झालं. ऑगस्टमध्ये व्हिटमर ५२ टक्क्यांनी जिंकल्या. ठाणेदार अठराएक टक्क्यांवर तिसरे. त्या चाचण्यांच्या वेळी टीव्हीवर तेच एकटे दिसत होते, इतरांचा पैसा शेवटच्या टप्प्यासाठी राखलेला होता. एकाच उमेदवाराच्या जाहिराती चालू असताना घेतलेली चाचणी जाहिरातच मोजते. हेच ठाणेदार २०२२ला नऊ जणांच्या प्रायमरीत २८ टक्क्यांवर जिंकून काँग्रेसमध्ये गेले, कारण तिथे सगळ्यांपेक्षा एक मत जास्त असलं की भागतं, डेलिगेटांची भानगड नाही.

न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदाच्या प्रायमरीत पसंतीक्रम असतो, आपल्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघासारखा. २०२५ला बहुतेक चाचण्यांत अँड्र्यू कुओमो पुढे होते आणि जिंकले झोहरान ममदानी. अशा ठिकाणी चाचणीने फक्त पहिली पसंती विचारली असेल, तर ती अपुरी समजा.

दोन चाचण्या जुळत नसतील तर

आधी कोणाला विचारलं ते तपासा: सर्व नोंदणीकृत मतदार की ‘मतदान करण्याची शक्यता असलेले’. मग नावांची यादी. एकीत बारा नावं आणि दुसरीत सहा असतील, तर तुलना सोडून द्या. न उतरलेल्या एखाद्या प्रसिद्ध नेत्याचं नाव घातलं की पहिल्याचे सात-आठ टक्के सहज जातात. ‘ठरलं नाही’ म्हणणाऱ्यांना पुन्हा ‘पण झुकाव कुणाकडे’ असं विचारलं की सगळ्यांचेच आकडे फुगतात. राज्याची प्रायमरी फक्त पक्षात नोंदलेल्या मतदारांसाठी आहे की कुठल्याच पक्षात न नोंदलेल्यांनाही खुली, हेही पाहा. चाचणी कोणाच्या पैशाने झाली ते शेवटी पाहा, पण पाहाच. उमेदवाराच्या छावणीने फोडलेली चाचणी तीच असते जी त्याला सोयीची असते. गैरसोयीच्या कपाटात राहतात.

आणि पैशाची बातमी असेल तर ‘किती जमले’ हा आकडा सोडून ‘हातात किती उरले’ तो घ्या. निवडणुकीच्या वर्षात अध्यक्षीय प्रचारसमित्यांचे अहवाल केंद्रीय निवडणूक आयोगाकडे दर महिन्याच्या २० तारखेला येतात आणि कुणालाही फुकट वाचता येतात. त्यातही मुख्य निवडणुकीसाठी म्हणून घेतलेली देणगी प्रायमरीत खर्चता येत नाही, तेव्हा शिल्लक रकमेतून ती वजा करूनच कोण किती दिवस टिकेल याचा अंदाज बांधा.