आकडा दोनदा उमटतो? फोनमध्येच उपाय आहे

हात थरथरत असेल तर फोनवर एकच आकडा दोनदा उमटतो. यूपीआयने ५०० पाठवायला जावं आणि पडद्यावर ५००० दिसावेत, या धास्तीने कितीतरी आजी-आजोबा फोनला हातच लावत नाहीत. फार वाईट वाटतं, कारण सोय फोनमध्येच असते. सॅमसंगच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ उघडा, ‘इंटरॅक्शन अँड डेक्स्टेरिटी’त जा आणि ‘इग्नोअर रिपीटेड टचेस’ चालू करा. ठरवलेल्या वेळेच्या आत पुन्हा लागलेलं बोट मग मोजलं जात नाही. तिथलंच ‘टॅप ड्युरेशन’ चुकून झालेला ओझरता स्पर्श गाळतं. आयफोनमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’, ‘टच’ आणि त्यात ‘टच अकोमोडेशन्स’. वेळ एकदम वाढवू नका, फोन अडकल्यासारखा वाटतो. फोन आजी-आजोबांच्याच हातात देऊन थोडी थोडी वाढवत न्या.

उलट, दाबूनही काहीच होत नसेल तर बोटं कोरडी आहेत का बघा. हा पडदा जोर ओळखत नाही, बोटामुळे विद्युतभारात होणारा बारीक बदल ओळखतो, आणि वयाबरोबर त्वचा कोरडी पडत जाते. बोटाला किंचित ओलावा पुरतो. नाहीतर रबरी टोकाचा कपॅसिटिव्ह स्टायलस, म्हणजे पडद्यावर बोटासारखा चालणारा पेन, आणा. जाड स्क्रीनगार्डही एकदा काढून बघाच.