मॅलॉक कुणी केलं, फ्री कोण करणार?

जळगावच्या केळी-वखारीतल्या 500 वजनांची यादी सी भाषेत ठेवायची, तर 8 बाइटच्या डबलला (दशांश संख्येचा प्रकार) मॅलॉककडे, म्हणजे मेमरीत जागा देणाऱ्या फंक्शनकडे, 4000 बाइट मागा. मॅलॉकने नल (जागा मिळाली नाही, अशी खूण) दिला का, ते आधी बघा. जागेचा मालक एकच ठेवा: 'यादी_बनवा' या फंक्शनने जागा घ्यायची, जोडीच्या 'यादी_सोडा'ने ती फ्री करायची, म्हणजे परत द्यायची. बाकीची फंक्शनं जागा उसनी वापरतात, त्यांनी फ्री करायचं नाही. तीच जागा दोनदा फ्री झाली की हीप (मॅलॉक जिथून जागा देतो तो मेमरीचा भाग) बिघडू शकते, आणि प्रोग्राम कधी कधी कोसळतो तो भलत्याच ओळीवर.

खरी गोम रिअलॉकमध्ये, म्हणजे घेतलेली जागा लहान-मोठी करणाऱ्या फंक्शनमध्ये. उत्तर थेट जुन्याच पॉइंटरमध्ये (जागेचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) घेऊ नका. जागा मिळाली नाही तर नल येतो, जुना ब्लॉक तसाच राहतो आणि त्याचा पत्ता हरवतो. तात्पुरता पॉइंटर घ्या. जागा मिळाली तरी ब्लॉक हललेला असू शकतो, म्हणून इतरत्र जपलेले जुने पत्ते बाद समजा. गळती, म्हणजे फ्री करायची राहिलेली जागा, शोधायला व्हॅलग्रिंड हे तपासणीचं साधन चालवा; कंपाइल करताना डीबग माहिती ठेवली तर ओळ क्रमांकही दिसतो.