‘वय झालं’ या उत्तरानंतर

खाटेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, असे मी तालुक्याच्या दवाखान्यात वारंवार सांगितले, तरी मान वर न करता ‘बाबाजी, वय झालं’ म्हणून ताकदीची गोळी लिहून दिली जाई. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे म्हणणे पुरते ऐकलेही जात नाही, याचे फार वाईट वाटते.

अखेर चक्कर केव्हा येते आणि कोणती गोळी किती वाजता घेतो, हे मी कागदावर लिहिले, सगळ्या गोळ्यांचे पत्ते पिशवीत घातले आणि यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या उपकेंद्रात जाऊन तिथल्या ताईंना रक्तदाब आधी झोपवून आणि मग उभे करून मोजण्याची विनंती केली. उभे राहिल्यावर ३ मिनिटांत वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर त्याची दखल घ्यावी लागते. माझा तसाच उतरला. ताईंनी ई-संजीवनी या दुरून डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेवरून डॉक्टरांशी बोलणे करून दिले. रक्तदाबाची गोळी आणि प्रोस्टेट ग्रंथीमुळे होणाऱ्या लघवीच्या त्रासावरची टॅमसुलोसिन यांच्या एकत्रित परिणामाने असे होऊ शकते, हे त्यांनी शांतपणे समजावले आणि मात्रा व वेळ बदलून दिली. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, हेही बजावले. चक्कर आता क्वचितच येते. कापूस वेचणीच्या दिवसांत मी पुन्हा वावरात जाऊ लागलो आहे.